टंचाई, दुष्काळ आणि ‘स्केअर्स’

एखादा शब्द कायदा करून नाहीसा करता येतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ साली होकारार्थी दिले. त्या साली संमत झालेल्या एका आटोपशीर अधिनियमाने राज्याला लागू असलेल्या तमाम कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळला आणि त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ हा शब्द बसविला. कारण असे नमूद केले की, शेतीच्या स्थितीवर सरकारची नजर अखंड असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच निवारणाचे उपाय योजले जातात, आणि सबब दुष्काळाची अवस्था उद्भवण्यास आता वावच राहिलेला नाही. मामलेदार कचेरीच्या दप्तरातून ‘दुष्काळ’ गेला आणि ‘टंचाई’ आली. १९६६ साली निघालेली सरकारी नियमपुस्तिकाही मग ‘स्केअर्सिटी मॅन्युअल’ ह्याच नावाने निघाली. माण-खटावच्या आणि जत-आटपाडीच्या माणसाच्या तोंडी मात्र दुष्काळ तो दुष्काळच राहिला, आणि नऊ वर्षांनी जो आला त्याला आजही कोणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हणत नाही. ज्या विशेषणापासून हे नाम निघाले ते ‘स्केअर्स’ विशेषण इंग्रजीत कोणत्या अर्थाने वावरते, आणि तोच अर्थ सातारा-सांगलीच्या मुलखात राज्यकारभाराचे माप बनला तेव्हा काय घडले, ह्याचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

‘स्केअर्स’चे मूळ ‘वेचून काढणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. तेथून तो जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत उतरला. ग्रंथातील उताऱ्याला जो ‘एक्सर्प्ट’ म्हणतात तोही त्याच कुळातला. वेचून घेतल्यानंतर मागे जे थोडके उरते ते स्केअर्स. ह्या व्युत्पत्तीतच त्याच्या अर्थाची किल्ली आहे, कारण मागे उरले असे म्हणावयाचे तर आधी काहीतरी असावे लागते. ‘रेअर’ आणि ‘स्केअर्स’ ही दोन विशेषणे आपले विद्यार्थी सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, परंतु इंग्रज ती वापरीत नाही. जे स्वभावतःच थोडे आहे, आणि थोडे असल्यामुळेच ज्याचे अप्रूप वाटते, ते ‘रेअर’: शिवकालीन होन रेअर असतो, माळढोक पक्षी रेअर असतो. जे एरवी मिळत असे, ज्याची गरज आज आहे, आणि जे त्या गरजेला पुरत नाही, ते ‘स्केअर्स’: कांदा स्केअर्स होतो, युद्धकाळात रॉकेल आणि कापड स्केअर्स झाले होते. होनाची टंचाई कोणाला जाणवत नाही, आणि रॉकेलाच्या दुर्मिळतेचे कौतुक कोणी करीत नाही. म्हणजे ‘स्केअर्स’ म्हणताना बोलणारा मनातल्या मनात दोन मापे गृहीत धरीत असतो: एक नेहमीच्या पुरवठ्याचे आणि दुसरे गरजेचे. ह्यांपैकी कोणते माप धरले हे तो सांगत नाही. हे न सांगणे संभाषणात निभावून जाते. सरकारी हुकुमात ते निभावत नाही, हे पुढे दिसेलच.

ह्या विशेषणाच्या परिवारात ‘स्केअर्सली’ हे अव्यय आहे, त्याला आपले ‘जेमतेम’ बरेच जवळचे. ‘स्कँटी’ हा आणखी एक शेजारी. भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेत पाऊस सरासरीपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक घटला की कित्येक वर्षे तो ‘स्कँटी’ म्हणून नोंदला जात असे. आणि एक मजेदार वाक्प्रचार असा की, ‘स्वतःला स्केअर्स करणे’ म्हणजे गाजावाजा न करता निघून जाणे. खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी जी घरेच्या घरे कलकत्त्यापासून कोइमतूरपर्यंत पांगली, त्यांना हा वाक्प्रचार कोणी शिकविला नव्हता. पाणी स्केअर्स झाले आणि त्यापाठोपाठ माणसे झाली.

मराठीत ह्या अर्थाची नामे विपुल आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा आहे. पैशाची चणचण असते, बाजारात मालाचा तुटवडा असतो, चांगल्या माणसांची वानवा असते, सुखवस्तू घरात कशाची ददात नसते, पंडितांच्या लेखणीत दुर्भिक्ष असते, आणि पाण्याची टंचाई असते. विशेषणाच्या बाबतीत मात्र आपली भाषा हात आखडता घेते. ‘वॉटर इज स्केअर्स’ हे वाक्य मराठीत आणताना आपण विशेषण टाकून देतो आणि ‘पाण्याची टंचाई आहे’ असे नामाने भागवितो. आणि विशेषण हवेच झाले तर ते पाण्याला न लावता गावाला लावतो: ‘टंचाईग्रस्त गाव’. इंग्रजाचे विशेषण वस्तूला चिकटते, आपले माणसांना. हा भेद व्याकरणापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण सरकारी सवलती पाण्याला मिळत नाहीत, त्या गावाला मिळतात. आणि गाव ‘ग्रस्त’ आहे की नाही हे ठरविणे ही महसूल खात्याची फार जुनी जबाबदारी आहे.

ती जबाबदारी सातारा-सांगलीइतकी अवघड क्वचितच कोठे असेल. महाबळेश्वरावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेकडे एका दिवसाच्या निवांत प्रवासात गाठता येणाऱ्या दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आतबाहेर येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ओझे उतरवून रिकामे झालेले ढग माणदेशावरून नुसते वाहत जातात. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली, जत, औंध इत्यादी संस्थानांचे मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. हद्दी बदलल्या, परंतु पर्जन्यछायेची रेघ दोन्ही जिल्ह्यांना आडवी कापीत पूर्वीसारखीच राहिली. पश्चिमेला कृष्णा, कोयना, वारणा आणि ऊस. पूर्वेला माण आणि येरळा ह्या वर्षातले बरेच महिने कोरड्या पडणाऱ्या नद्या, बाजरी, शाळूची ज्वारी आणि मेंढरे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ येतो आणि वाडी उठते, ती ह्याच मुलखातली.

दुष्काळ आणि टंचाई ह्यांत कायदेशीर भेद करण्याची गरज प्रथम इंग्रज सरकारला भासली, आणि ती दयेपेक्षा हिशोबाच्या पोटी भासली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपलने मजुराला दिवसाला एक पौंड धान्यावर भागविण्याचे ठरविले; तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची कैफियत आकड्यांसह सरकारपुढे मांडली. पुढे स्ट्रेची ह्याच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. ह्या संहितेची खुबी अशी की तिने संकटाच्या पायऱ्या पाडल्या. धान्याचे भाव चढू लागले, सावकार कर्ज देईनासा झाला, माणसे निष्कारण भटकू लागली, चोऱ्या वाढल्या, म्हणजे अधिकाऱ्याने सावध व्हावे. मग कसोटीची कामे उघडावीत, काम कष्टाचे आणि मजुरी तुटपुंजी ठेवावी, आणि तरीही लोक लोटले तर गरज खरी समजावी. माणसाची भूक खरी की खोटी हे त्याच्याच पाठीवर दगड वाहवून तपासणारी ही कसोटी क्रूर होती, परंतु एक गोष्ट तिच्या पदरी टाकली पाहिजे: तिने सरासरीकडे न पाहता गरजेकडे पाहिले. पूर्वीचे पीक किती होते हा प्रश्न दगड फोडावयास आलेल्या बाईला कोणी विचारीत नसे. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे ह्याच संहितेतील कलमे खेड्यापाड्यांत पोहोचविली, आणि सरकारने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले पुस्तक रयतेच्या हक्काचे पुस्तक म्हणून वाचावयास शिकविले.

महसुलाच्या अंगाने दुसरे माप चालत आले होते, ते आणेवारीचे. चांगल्या सालचे पीक सोळा आणे धरावयाचे आणि चालू सालचे पीक त्याच्या किती आणे आले ते ठरवावयाचे. चार आण्यांखाली आले तर साऱ्याची पूर्ण तहकुबी, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान आले तर निम्मी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत असलेले गाव ते टंचाईचे गाव, असा दंडक पडला. पैसेवारी ठरते कशी, हे शहरातल्या वाचकाने एकदा पाहण्यासारखे आहे. मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, एखाददोन शेतकरी अशी समिती शेतावर जाते. टेप लावून लहानसा चौकोन आखते. त्यातले पीक कापून, तेथेच झोडून, दाणे तागडीत घालते, आणि त्या मूठभर दाण्यांवरून साऱ्या गावाचे नशीब रुपयाच्या भाषेत लिहिते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम, असे ह्या निवाड्याचे तीन फेरे असतात. माण आणि जतसारख्या तालुक्यांत अनेक गावे रब्बीची म्हणून नोंदलेली. त्यांचा अंतिम आकडा रब्बीचे पीक निघाल्यावर, म्हणजे उन्हाळा दारात उभा राहिल्यावर लागतो. विहिरी जानेवारीत आटल्या तरी कागदावरची टंचाई मार्चपर्यंत दम धरून असते. शिवाय हे माप पिकाचे, घागरीचे नव्हे.

१९७२ साली हा भेद उलट बाजूने दिसला. माणदेशातले वृद्ध अजूनही सांगतात की बहात्तर साली पाणी होते पण दाणा नव्हता, आणि अलीकडच्या दुष्काळांत दाणा आहे पण पाणी नाही. त्या सालच्या खडीच्या ढिगांची, नालाबांधांची आणि पाझर तलावांची, सुकडीची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण सांगणारी माणसे ह्या मुलखात घरोघर आहेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या आसपास पोहोचला होता. दुष्काळ कायद्यातून खोडल्यावर दहाएक वर्षांतच हे घडले, ह्यावर निराळे भाष्य नको.

ह्याच काळात ह्या मुलखातून एक असा विचार पुढे आला की ज्याने ‘स्केअर्स’ ह्या विशेषणाची सत्ता एका क्षेत्रापुरती तरी संपविली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली. तिचा पहिला प्रयोग साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात झाला. रोजगार हमी योजना बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर परिचित झाली, तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ह्या कायद्याचे खरे मर्म आमच्या मते फारसे ओळखले गेलेले नाही. काम मिळण्यासाठी गाव टंचाईग्रस्त जाहीर व्हावे लागत नाही, पैसेवारी पन्नासच्या आत यावी लागत नाही, कलेक्टरला कोणताही शब्द उच्चारावा लागत नाही. माणसाने अर्ज केला की पुरे. जाहीरनाम्याची वाट न पाहणारी मदत ह्या राज्याने केली ती बहुधा ही एकच. बाकीच्या सवलती, म्हणजे जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, गरजेप्रमाणे टँकर आणि पंपाची वीज न तोडणे, ह्या सर्व आजही एका शब्दाच्या मागे रांग लावून उभ्या असतात. टँकर आला तरी तो माणशी दिवसाला वीस लिटरांच्या हिशोबाने येतो, आणि बहुतेक वेळा तो गावच्या कोरड्या विहिरीत ओतला जाऊन तेथून पुन्हा शेंदून घ्यावा लागतो.

अर्थशास्त्रात ‘स्केअर्स’चा अर्थ आणखी निराळा. लायोनेल रॉबिन्सने १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली तिच्यात हे विशेषण मध्यभागी बसले आहे; ज्या साधनांचा अनेक कामी उपयोग होऊ शकतो आणि जी सर्व कामांना एकदम पुरत नाहीत, ती साधने स्केअर्स. ह्या अर्थाने भरून वाहणारी कृष्णासुद्धा स्केअर्सच, कारण तिचे पाणी उसाला दिले तर ते जतच्या हंड्यात येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच मिरजेच्या जिल्ह्यातील जत तालुका तेव्हा तहानलेलाच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर चढले आणि निम्मे शहर बुडाले, तेव्हाही पूर्वेकडच्या गावांना टँकर चालू होते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजनांनी आता आटपाडी, कवठेमहांकाळकडे कृष्णेचे पाणी चढविले आहे, आणि त्यामागे आटपाडीच्या पाणी परिषदांची, नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर ह्यांच्या चळवळीची वर्षानुवर्षांची खटपट आहे. पाणी कमी आहे एवढे म्हणून न थांबता ते वाटले कसे जाते हे त्या चळवळीने विचारले. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली दुष्काळाविषयी जे प्रतिपादन केले, की अन्न नसणे आणि माणसाला अन्न न मिळणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या, त्याचेच हे पाण्याच्या बाबतीतले रूप.

शब्दांची लपाछपी मात्र थांबली नाही. ‘टंचाई’नंतर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आली. ह्या ‘सदृश’ने शासनाला दुष्काळाच्या जवळ जाऊनही त्याला न शिवण्याची सोय करून दिली. २०१६ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि त्या मे महिन्यात ‘दुष्काळसदृश’ जेथे लिहिले असेल तेथे ‘दुष्काळ’ वाचावे असे राज्य शासनाला मान्य करावे लागले. गंमत अशी की त्याच वर्षी हवामान खात्याने आपल्या परिभाषेतून ‘ड्रॉट’ आणि ‘स्कँटी’ हे दोन्ही शब्द निवृत्त केले आणि ‘तूट’ व ‘मोठी तूट’ असे कोरडे शब्द स्वीकारले. वर्षअखेर केंद्राची सुधारित दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली. पर्जन्यातील घट, पावसाचा खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली हिरवाई, जमिनीतील ओल, भूजल अशी निर्देशांकांची चळत तिने मांडली आणि तलाठ्याच्या तागडीचे महत्त्व घटविले.

ह्या शास्त्रशुद्ध मापाची परीक्षा २०२३ साली झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबर रोजी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत साताऱ्यातून वाई आणि खंडाळा होते. सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज होते. महाबळेश्वराच्या पायथ्याचे, कृष्णाकाठचे वाई यादीत. चांदोलीच्या पाणलोटाचा शिराळा यादीत. आणि माण, खटाव, जत, आटपाडी यादीबाहेर. लोक संतापले, आणि त्यात नवल नव्हते. पण यादी करणाऱ्याने लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. त्याने ‘स्केअर्स’ ह्या विशेषणाचा कोशातला एक अर्थ तंतोतंत पाळला. समजा, एका तालुक्याची सरासरी हजार मिलिमीटर आहे आणि पाऊस सातशे पडला. तूट तीस टक्के. दुसऱ्याची सरासरी साडेचारशे आहे आणि पडला चारशे. तूट अकरा टक्के, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत पाऊस सामान्य. पहिल्या ठिकाणी पाणी स्केअर्स झाले, दुसऱ्या ठिकाणी ते झाले नाही, कारण तेथे ते कधी पुरेसे नव्हतेच. जेथे उणीव हीच रीत आहे तेथे सरासरीशी तुलना करणारे माप उणीव दाखवूच शकत नाही. माणदेशातले पाणी इंग्रजीत ‘रेअर’ आहे, आणि रेअर वस्तूसाठी कोणत्याही संहितेत सवलत नाही.

दहाएक दिवसांत शासनाने दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती मूळ यादीपेक्षा जास्त विचारपूर्वक होती. ज्या महसुली मंडळांत पाऊस सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून कमी आणि शिवाय एकूण साडेसातशे मिलिमीटरहून कमी झाला, अशी साडेनऊशेहून अधिक मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेकडील मंडळे त्यांत आली. ‘सदृश’ पुन्हा आलाच. परंतु साडेसातशेचा आकडाही आला, आणि तो सरासरीचा नसून किमान गरजेकडे झुकणारा आहे. उणे एवढेच की तो आकडा टक्केवारीच्या अटीला ‘आणि’ने बांधला आहे. ज्या मंडळात कायमच साडेचारशे पडतो त्याच्यासाठी ह्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ असावयास हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकाने ह्यापुढे टंचाईचा शासन निर्णय हाती घेतला तर तालुक्यांची यादी शेवटी पाहावी. आधी निकषाचे परिशिष्ट उघडावे, तुलना सरासरीशी केली आहे की गरजेशी ते तपासावे, दोन अटींच्या मधले अव्यय वाचावे, आणि ‘दुष्काळ’ ह्या शब्दाला कोणते शेपूट जोडले आहे ते पाहून मगच आपले गाव शोधावे.